शिखराखालचा पर्वत

आकाश निरभ्र असेल त्या रात्री ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीतल्या एखाद्या गच्चीवर जावं, ध्रुवताऱ्याकडे तोंड करावं आणि मनातल्या मनात नाकासमोर चालू लागावं. आधी चंबळ लागेल, मग यमुना. त्यापुढे दुआबातली सपाट शेतं, मग गंगा, मग हरिद्वार. तिथून जमीन उठू लागेल. डावी-उजवीकडे न वळता चालत राहिलात, तर ग्वाल्हेरपासून सुमारे ५३० किलोमीटरवर तुम्ही एका शिखराच्या माथ्यावर पोचाल. ते शिखर म्हणजे उत्तरकाशी जिल्ह्यातला केदारकंठा. उंची साधारण ३८१० मीटर, म्हणजे १२,५०० फूट. आपलं शहर आणि ते शिखर, दोघांचेही रेखांश ७८ अंश १० मिनिटांच्या आसपास आहेत.

हिवाळ्यात बर्फ तुडवत माथ्यापर्यंत जाता येतं, म्हणून केदारकंठ्याचं नाव आज मराठी ट्रेकर मंडळींच्या तोंडी सर्रास असतं. पुण्या-मुंबईची मुलं त्यासाठी आधी दिल्ली गाठतात. ग्वाल्हेरकराला उत्कल एक्स्प्रेस आपल्याच स्टेशनातून उचलते आणि आग्रा, दिल्ली, मुझफ्फरनगर करत हरिद्वारला नेऊन सोडते. पुढे डेहराडून, मसुरी, पुरोला, मोरी आणि मग डोंगराच्या कुशीतलं सांकरी गाव.

या प्रवासात खिडकीतून दिसतं ते बहुतेक सपाट रान. तरीही माझ्या मते भारतातल्या सर्वांत विलक्षण वाटांपैकी ही एक आहे. ही वाट ज्या पट्ट्यातून जाते, त्याच पट्ट्यात एकोणिसाव्या शतकात माणसाला पर्वतांचं एक मोठं रहस्य उलगडलं. शिखरावर चढून ते दिसलं नसतं. ते सापडलं सपाटीवर, हिमालय नजरेच्या टप्प्यातही नसताना, पाच सेकंदांच्या एका तफावतीत. हे सेकंद घड्याळातले नव्हेत, कोनाचे. एका अंशाचे ३६०० भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक सेकंद.

त्रिकोणांची साखळी

गोष्ट सुरू होते दक्षिणेत. १८०२ साली विल्यम लॅम्टन याने मद्रासजवळ सुमारे साडेसात मैलांची एक सरळ रेषा जमिनीवर कमालीच्या काटेकोरपणे मोजली. मग त्या रेषेच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या एका टेकडीकडे पाहून कोन मोजले. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या दोन बाजू गणिताने निघतात; तिथे साखळी ओढत जावं लागत नाही. त्यातली एक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. असा त्रिकोणाला त्रिकोण जोडत लॅम्टन ७८ अंश रेखांशाच्या जवळपासने उत्तरेकडे सरकत राहिला. त्याच्या थिओडोलाइटचं वजन अर्ध्या टनाच्या घरात होतं. ते यंत्र डोंगरमाथ्यांवर चढवायचं, देवळांच्या गोपुरांवर ओढून घ्यायचं, आणि कोन मोजून झाले की पुन्हा उतरवायचं. वीस वर्षं हेच काम करत तो म्हातारा झाला आणि २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला, आजच्या वर्धा जिल्ह्यात, त्याने देह ठेवला. त्याची कबर तिथेच आहे.

त्याचा सहायक जॉर्ज एव्हरेस्ट याने ही साखळी पुढे नेली. सिरोंजजवळची कल्याणपूरची टेकडी, आजच्या विदिशा जिल्ह्यातली, हा तिचा मोठा टप्पा ठरला. आजारपणामुळे एव्हरेस्ट काही वर्षं इंग्लंडला गेला आणि १८३० साली सर्व्हेअर जनरल होऊन परतला. आता साखळी कल्याणपूरहून उत्तरेला, शिंद्यांच्या मुलखातून हिमालयाच्या पायथ्याकडे न्यायची होती. ग्वाल्हेरचा कारभार तेव्हा आधी बायजाबाई शिंदे आणि १८३३ नंतर जनकोजीराव शिंदे पाहत होते. दौलतराव शिंद्यांच्या फौजेने १८१०च्या सुमारास जिथे तळ दिला, तिथे लष्कर हे शहर वसून जेमतेम पाव शतक झालं होतं.

चंबळपर्यंत टेकड्यांची सोबत होती. नदी ओलांडली की त्या विरळ होत संपतात आणि गंगा-यमुनेचा सपाट गाळ सुरू होतो. तिथे पाहायचं कुठून? त्यासाठी एव्हरेस्टने सुमारे ५० फूट उंचीचे पक्के मनोरे बांधून घेतले. तेवढ्यानेही भागेना. दिवसभर तापलेल्या जमिनीवरची हवा अशी थरथरते की दूरची खूण दुर्बिणीत नाचू लागते. म्हणून रात्री दिवे पेटवून मोजणी होऊ लागली. यात निसर्गाचीही मदत झाली. रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवा दाट होते, आणि त्या हवेतून जाणारा प्रकाश पृथ्वीच्या गोलाईला धरून किंचित वाकतो. दिवसा क्षितिजाआड गेलेला दिवा रात्री वर येऊन दिसू लागतो. मैलोन्मैल दूरच्या मनोऱ्यावर दिवा सांभाळत बसलेला खलाशी आणि इकडे दुर्बिणीला डोळा लावून बसलेला सर्व्हेअर, या दोघांमध्ये वाकलेल्या प्रकाशाचा पूल असे. बिघडलेली यंत्रं दुरुस्त करण्यात अर्काटच्या सय्यद मीर मोहसीन हुसेन या कारागिराचा हात असा बसला, की पुढे सर्वेक्षणाच्या यंत्रविभागाची जबाबदारीच त्याच्याकडे आली.

साखळी डेहराडूनला पोचली. तिथे जमिनीवर साडेसात मैलांच्या आसपासची एक रेषा प्रत्यक्ष मोजलेली होती. सिरोंजजवळ अशाच मोजलेल्या रेषेपासून शेकडो मैल त्रिकोणांमागे त्रिकोण करत गणिताने काढलेली तिची लांबी आणि जमिनीवर मोजलेली लांबी यांत फरक आला तो काही इंचांचा. माणसाच्या चिकाटीचा इतका देखणा हिशेब मला दुसरा माहीत नाही. आणि हा हिशेब इतका चोख होता म्हणूनच पुढची तफावत कुणाला नजरेआड करता आली नाही.

ध्रुवतारा किती वर?

सांकरीला मुक्कामी असलेल्या ग्वाल्हेरकराने एक प्रयोग जरूर करावा. निघण्यापूर्वी घरच्या गच्चीवरून ध्रुवतारा क्षितिजापासून किती वर आहे ते पाहून ठेवावं; तो साधारण २६ अंशांवर असतो. सांकरीला तोच तारा ३१ अंशांवर असतो. हात पुढे ताणून मूठ धरली तर तिची रुंदी सुमारे १० अंश भरते, म्हणजे तारा जवळपास अर्धी मूठ वर सरकलेला असतो. उत्तरेला जावं तसा तो चढतो, कारण आपण एका गोलावरून चालत असतो. दोन ठिकाणी ताऱ्याची उंची मोजली की त्या दोन ठिकाणांमधलं अंतर अंशांत मिळतं. त्यासाठी त्रिकोण लागत नाहीत, साखळी लागत नाही, आकाश पुरतं.

एव्हरेस्टच्या लोकांनी हेच केलं, फक्त मुठीऐवजी त्या काळातल्या सर्वोत्तम यंत्रांनी. १८३९-४०च्या सुमारास कल्याणपूर आणि मुझफ्फरनगरजवळचं कलियाना या दोन ठिकाणांहून एकाच काळात तेच तारे मोजले गेले. साडेपाच-सहाशे किलोमीटरच्या या अंतराची दोन उत्तरं हाती आली. त्रिकोणांनी दिलेलं उत्तर ५ अंश २३ मिनिटं ४२.२९४ सेकंद होतं. ताऱ्यांनी दिलेलं उत्तर ५ अंश २३ मिनिटं ३७.०५८ सेकंद. फरक ५.२३६ सेकंदांचा. जमिनीवर तो सुमारे १६० मीटर होतो.

साखळीच्या शेवटी काही इंचांचाच फरक पडू देणाऱ्या माणसांच्या हातून १६० मीटर कसे निसटले?

इथे ओळंब्याकडे वळावं लागतं. छावनीत कुठेही बांधकाम चालू असेल तिथे गवंड्याच्या हातात तो दिसतो: दोरी, आणि तिच्या टोकाला जड लोखंडी किंवा पितळी गोळा. गोळा डोलायचा थांबला की दोरी सांगते, ही उभी रेषा. भिंत त्या रेषेत उभी राहते. ताऱ्याची उंची मोजतानाही 'बरोबर डोक्यावर' म्हणजे कुठे, हे अखेर याच खेचेवरून ठरतं. यंत्राला दोरीऐवजी पाणसळ लावली तरी तिच्यातला द्रवही त्याच ओढीने स्थिरावतो. ओळंबा चुकला की आकाश चुकलं.

आणि ओळंबा पृथ्वीच्या मध्याकडेच ओढला जातो, असं नाही. जवळ मोठा डोंगर असेल तर तोही त्याला आपल्याकडे ओढतो. न्यूटनच्या नियमात हे अनुस्यूत होतंच. १७७४ साली नेव्हिल मॅस्केलिन याने स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन डोंगराच्या दोन बाजूंना ताऱ्यांचे वेध घेऊन ते दाखवूनही दिलं. दोन्ही बाजूंचे ओळंबे मिळून ११.६ सेकंदांनी डोंगराकडे झुकले होते. त्या झुकावावरून पुढे अख्ख्या पृथ्वीचं सरासरी घनत्व काढलं गेलं.

एका सुट्या डोंगराने ओळंबा हलतो, तर हिमालयासारख्या रांगेने किती हलेल? कलियाना पायथ्याच्या जवळ, कल्याणपूर शेकडो किलोमीटर दक्षिणेला. कलियानाचा ओळंबा उत्तरेकडे जास्त झुकणार, आणि ताऱ्यांचं उत्तर त्रिकोणांच्या उत्तरापेक्षा कमी भरणार. तफावत नेमकी त्याच दिशेची होती. शिंदे की छावनीतला गवंडी भिंत लावतो तेव्हाही, साडेतीनशे-चारशे किलोमीटरवरचा, कधीच न दिसणारा हिमालय त्याची दोरी अगदी अल्पसा का होईना, ओढत असतो. या वाक्याची मला कधीच सवय होत नाही.

जितका ओढायला हवा, तितका ओढत नाही

एव्हरेस्टने ती तफावत मोजणीतली चूक धरून साखळीत वाटून टाकली. पण प्रश्न मिटला नाही. कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन हेन्री प्रॅट हे धर्मगुरू होते, आणि पक्के गणिती. हिमालय आणि त्यामागचं पठार यांच्या आकाराचा अंदाज घेऊन, तो सगळा दगड ओळंब्याला किती ओढेल, याचा हिशेब ते मांडत बसले. १८५४-५५ साली त्यांचं उत्तर आलं: दोन ठिकाणांच्या ओळंब्यांत १५.८८५ सेकंदांचा फरक पडायला हवा.

प्रत्यक्षात पडला होता ५.२३६ सेकंदांचा. जवळजवळ एक तृतीयांश.

म्हणजे कोडं उलटं झालं. आधी प्रश्न होता की ओळंबा का झुकला. आता प्रश्न झाला की तो इतका कमी का झुकला. एक मीटर लांबीच्या ओळंब्याचं टोक पाच सेकंदांनी सरकतं, म्हणजे मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढं. पंधरा सेकंदांनी सरकलं असतं तर मिलिमीटरच्या तेराव्या भागाएवढं. या दोन आकड्यांमधल्या केसाएवढ्या जागेत हिमालयाचा मोठा हिस्सा हरवला होता. पर्वत जागेवर होता, डोळ्यांना दिसत होता, पण ओळंब्याच्या हिशेबात त्याचं वजन भरत नव्हतं.

उत्तराआधी आपण चढू. ते माथ्यावर ऐकलेलं अधिक बरं.

मसुरीहून वर

डेहराडूनहून मसुरीला चढणारी गाडी हाथीपाव भागाच्या जवळून जाते. तिथे एव्हरेस्टचं घर होतं. भारतातल्या शेवटच्या दशकात त्याचं बरंच काम इथूनच चाललं. साखळीचं उत्तर टोक असलेला बानोगचा डोंगरही इथलाच. १८४३ साली तो निवृत्त होऊन गेला. हिमालयातली दूरची शिखरं मोजण्याचं काम त्याच्यामागून अँड्र्यू वॉ याच्या हाताखाली झालं. नेपाळमध्ये प्रवेश नव्हता, म्हणून शंभराहून अधिक मैलांवरच्या सपाटीतल्या ठाण्यांवरून कोन घेतले गेले. राधानाथ सिकदार यांच्या गणितातून 'शिखर १५', म्हणजे आजचं एव्हरेस्ट शिखर, जगातलं सर्वांत उंच ठरलं. १८५६ साली जाहीर झालेली त्याची उंची २९,००२ फूट होती. ज्या शिखरावर पाय ठेवायला अजून जवळजवळ शंभर वर्षं जायची होती, त्याची उंची माणसाने सपाटीवरून आजच्या आकड्याच्या इतकी जवळ नेली. १९ मे २०१२ रोजी पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे आठ गिर्यारोहक उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखालच्या मोहिमेत त्याच माथ्यावर पोचले.

डिसेंबर २०२० मध्ये नेपाळ आणि चीन यांनी मिळून त्या शिखराची उंची म्हणून ८८४८.८६ मीटर हा आकडा जाहीर केला. त्यासाठी सर्व्हेअर स्वतः उपग्रह-यंत्रं घेऊन माथ्यावर गेले. पण यंत्र केवळ माथ्याची जागा सांगतं. उंची समुद्रसपाटीपासून मोजायची, आणि डोंगराखाली समुद्र नाही. समुद्र तिथवर आत आला असता तर त्याचं पाणी कुठे थांबलं असतं, हे गुरुत्वाकर्षण मोजून काढावं लागतं. पर्वत ओळंब्याला ओढतो तसा तो या कल्पनेतल्या पाण्यालाही आपल्याकडे ओढून फुगवतो. म्हणजे शिखराच्या उंचीच्या आकड्यातही शिखराचं वजन मुरलेलं असतं. कलियानाच्या ओळंब्याचा प्रश्न आजही प्रत्येक शिखराच्या उंचीत आहे.

सांकरी सुमारे १९५० मीटरवर आहे. तिथून वाट बांज आणि देवदाराच्या जंगलातून चढते. जूडा का तालाब लागतो. ऐन हिवाळ्यात तो गोठलेला असतो. चढताना हवेचा दाब उतरत जातो, आणि शरीराला ते आधी कळतं. श्वास वाढतो. जास्त श्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, रक्ताचं रसायन बदलतं, आणि ते सावरायला मूत्रपिंडं कामाला लागतात. म्हणून वर लघवीला वारंवार जावं लागतं, आणि जाणती मंडळी सतत पाणी प्यायला सांगतात. वरच्या तळावर डाळ शिजता शिजत नाही, कारण पाणी आधीच उकळू लागतं. दर ३०० मीटरमागे उकळबिंदू सुमारे एक अंशाने खाली येतो, आणि केदारकंठ्याच्या माथ्यावर तो ८७ अंशांच्या आसपास असतो. जुने सर्व्हेअर याच गोष्टीचा उपयोग करून घेत. पातेल्यात थर्मामीटर बुडवायचा आणि पाणी किती अंशांवर उकळतं त्यावरून आपण किती उंचीवर आहोत हे ताडायचं.

शेवटची चढाई पहाटे दोन-तीनला सुरू होते, कारण रात्रीच्या थंडीने बर्फ कडक असतं आणि पाऊल धरून ठेवतं. उन्हं चढली की ते भुसभुशीत होतं आणि पाय गुडघ्यापर्यंत रुततात. हेडलॅम्पच्या उजेडात पुढच्याच्या पावलात पाऊल टाकत, दर काही पावलांनी थांबत, माणसं वर सरकतात. हवेचा दाब समुद्रकाठच्या ६३ टक्क्यांच्या आसपास उतरलेला असतो. मग कधीतरी चढण संपते. पूर्वेला उजाडतं, आणि स्वर्गारोहिणी, काळानाग, बंदरपूँछ ही सहा हजार मीटरांवरची शिखरं एकेक करून उजळू लागतात.

पायाखाली काय आहे?

आता उत्तर. प्रॅट यांच्या निबंधापाठोपाठ काही आठवड्यांतच, १८५५ साली, इंग्लंडचे राजखगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी आपलं उत्तर मांडलं. नदीत ओंडक्यांचा तराफा तरंगतोय असं समजा, असं त्यांचं सांगणं होतं. एखादा ओंडका इतरांपेक्षा पाण्यावर जास्त वर आलेला दिसला, तर तो पाण्याखालीही इतरांपेक्षा खोल गेलेला आहे हे न पाहता सांगता येतं. पर्वतही तसेच आहेत. पृथ्वीचं कवच खालच्या अधिक जड थरावर तरंगतं, आणि जिथे ते वर उंचावलेलं आहे तिथे त्याचं मूळ खाली खोल गेलेलं असतं. त्या मुळाने जड खडकाला बाजूला सारून तिथे हलका खडक आणलेला असतो. वरचा पर्वत ओळंब्याला ओढतो, पण खाली जड खडकाची उणीव असल्यामुळे तिथली ओढ कमी पडते. वजाबाकी होते. म्हणून पंधराचे पाच.

प्रॅट यांनी पुढे १८५९ साली दुसरी वाट सुचवली: उंच भागांखालचा खडकच कमी घनतेचा असतो. पृथ्वीवर दोन्ही गोष्टी घडतात. हिमालय-तिबेटच्या बाबतीत मात्र एअरींचं मूळ खरोखरच सापडलं, आणि ते दाखवलं भूकंपलहरींनी. भारताच्या जुन्या स्थिर भागात कवचाची जाडी ४० किलोमीटरच्या आसपास असते. हिमालयाखाली ती वाढत जाते, आणि तिबेटच्या पठाराखाली ७० किलोमीटरच्या घरात पोचते.

हिशेब घरी बसून करता येतो. कवचाच्या खडकाची घनता पाण्याच्या २.७ पट धरा, खालच्या थराची ३.३ पट. एक किलोमीटर उंचीला तोलून धरायला २.७ भागिले त्या दोहोंतला फरक, म्हणजे ०.६, इतकं मूळ लागतं. उत्तर येतं साडेचार. वर दिसणाऱ्या एका किलोमीटरमागे खाली साडेचार किलोमीटर. तिबेटचं पठार सरासरी पाच किलोमीटर उंच आहे. त्याला खाली बावीस-तेवीस किलोमीटरची जादा जाडी हवी. डोळ्यांना दिसतो तो पर्वताचा लहान भाग.

यातून आणखी एक नवल निघतं. नद्या आणि हिमनद्या पर्वत झिजवतात. वरचं वजन कमी झालं की मूळ वर सरकतं. रांगेवरून सरासरी एक मीटर खडक धुऊन गेला, तर तिची सरासरी उंची मीटरभर उतरत नाही. सुमारे अठरा सेंटिमीटरच उतरते, बाकीचं खालून भरून निघतं. धूप प्रामुख्याने दऱ्यांत होत असेल, तर त्यांच्यामधली शिखरं त्यामुळे वर उचललीही जाऊ शकतात. पर्वत झिजत असतानाच उगवतही असतो.

मग केदारकंठ्याच्या माथ्यावर उभ्या असलेल्या ट्रेकरच्या बरोबर खाली त्या एका शिखराचं वेगळं मूळ आहे का? नाही. एकेका शिखराचं ओझं खालच्या कवचाचा ताठपणा पेलतो. मूळ असतं ते अख्ख्या रांगेला आणि पठाराला मिळून. शिखर एकटं दिसतं, पण ते उभं असतं सगळ्यांच्या आधारावर.

आणि हे पेलणारं कवच कुणाचं? ते आपलंच आहे. ग्वाल्हेरच्या किल्ल्याचा वालुकाश्म अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी साचला. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा, सागरी जीवांचे अवशेष सांभाळणारा चुनखडक त्याच्या निम्म्या वयाचाही नाही. तो किल्ला ज्या प्राचीन भूखंडावर उभा आहे, त्याचीच उत्तरेकडची कड गंगेच्या गाळाखाली वाकत, पायथ्याशी काही किलोमीटर गाळ अंगावर घेत, हिमालयाखाली शिरली आहे. ती अजूनही शिरते आहे. ग्वाल्हेर आणि दक्षिण तिबेट यांच्यातलं अंतर दर वर्षी दोन सेंटिमीटरच्या आसपास कमी होतं. हा ताण साठत राहतो आणि भूकंपात मोकळा होतो. २० ऑक्टोबर १९९१चा उत्तरकाशीचा भूकंप त्यातलाच. सांकरीच्या वाटेवर जुनी लाकूड-दगडाची घरं दिसतील तिथे थोडं थांबावं. त्यांच्या भिंतींत आडव्या घातलेल्या देवदाराच्या तुळयांना हलत्या जमिनीचा अनुभव आहे.

म्हणून या वाटेवर निघणाऱ्याने सामानात एक ओळंबा जरूर टाकावा. मायक्रोस्पाइक बर्फावर पाय धरून ठेवतो. हा गोळा दुसरं काम करतो. सपाटीवर, जिथून पर्वत दिसतही नव्हते, तिथे अशाच एका लोंबत्या दोरीवर विश्वास ठेवून, जुळत नसलेल्या पाच सेकंदांना माणसांनी महत्त्व दिलं, आणि पृथ्वी आतून कशी आहे ते कळलं. केदारकंठ्यावर पोचलेला ग्वाल्हेरकर ५३० किलोमीटर चालूनही आपल्याच भूखंडाच्या दुमडून वर आलेल्या कडेवर उभा असतो. त्याच्या घराखालचा खडक त्याच्या आधीच तिकडे निघाला आहे, आणि पर्वताला खालून उचलून धरतो आहे.